१७८ भाग आणि एक शंभर पानी वही

परवा रात्री साडेअकराला आमचं स्टार ट्रेक द नेक्स्ट जनरेशन संपलं, एंटरप्राईझ नावाच्या अंतराळजहाजावरच्या माणसांची अमेरिकन टीव्ही सिरीज. सातही सीझन, सगळेच्या सगळे भाग, मी आणि माझी लेक, चौदा महिने लागले. शाळा, क्लास, परीक्षा, मधेच मिरजेला जाणं, मधेच माझं ऑफिसचं काम, त्यामुळे कधी आठवड्यात पाच भाग झाले तर कधी महिनाभर एकही नाही. पण एकही भाग गाळला नाही, टुकार भागसुद्धा नाही. आणि प्रत्येक भागाला मार्क दिलेत, वहीत, पेनने. आता ती वही माझ्यासमोर आहे आणि मला वरचे दहा लावायचेत, गेले दोन दिवस डोक्यात दुसरं काही नाही.

१७८ हा आकडा कुठे कुठे १७६ पण दिसेल, कारण पहिला आणि शेवटचा भाग दुप्पट लांबीचे आहेत आणि नंतर ते तोडून दोन दोन करून दाखवले गेले. आम्ही १७८ धरले. सप्टेंबर १९८७ ते मे १९९४.

मी हे पहिल्यांदा बघितलं कॉलेजात असताना, मिरजेहून पुण्याला आलो होतो, होस्टेलवर शेजारच्या खोलीतल्या एकाच्या हार्डडिस्कवर अर्धेअधिक भाग होते, क्रम उलटासुलटा, काहींचा आवाज चित्राच्या पुढे पळायचा. तरी मी अख्खा मे महिना घरी न जाता ते बघत बसलो होतो. तेव्हा मला विचारलं असतं तर मी डोळे झाकून सांगितलं असतं की नंबर एक म्हणजे बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स, विषय संपला. आता तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते नीट लिहून काढायचंय म्हणून ही पोस्ट. (ज्यांनी बघितलं नाहीये त्यांनी पुढे जपून वाचा, मी सगळ्यांचे शेवट सांगणार आहे.)

वहीत तीन रकाने आहेत. एक माझा, एक तिचा, दोन्ही दहापैकी. तिसरा रकाना तिची आयडिया, मिनिटं. म्हणजे भाग संपून नावं यायला लागली की तेव्हापासून आमच्यापैकी कोणीतरी उठेपर्यंत किती वेळ गेला. बऱ्याच भागांपुढे शून्य आहे, संपला, दात घासले, झोपलो. काहींपुढे वीस आहे, चाळीस आहे. आणि आता सगळं बघून झाल्यावर मला वाटतं की मार्कांपेक्षा तो तिसरा रकानाच खरा आहे. तेव्हा माझा क्रम मुख्यतः त्याच्यावर.

तळापासून सुरू करतो म्हणजे ते उरकून जाईल. सगळ्यात शेवटी कोड ऑफ ऑनर, पहिल्या सीझनमधला, अगदी सुरुवातीचा. एका ग्रहावर सगळे कृष्णवर्णीय लोक, त्यांना टोळीवाले रानटी म्हणून रंगवलंय आणि त्यांचा मुख्य माणूस जहाजावरच्या गोऱ्या बाईला पळवून नेतो. त्यात काम करणाऱ्या कलाकारांनीच नंतर त्याला नावं ठेवलीत. लेकीने पंधराव्या मिनिटाला विचारलं की बाबा हे असं का दाखवतायत, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या वर शेड्स ऑफ ग्रे, दुसऱ्या सीझनचा शेवट, कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी रायकर आजारी पडून आडवा असतो आणि त्याला जुन्या भागांमधले सीन आठवत राहतात, बस, पैसे वाचवायला केलेला भाग. पण तो निदान कुणाचा अपमान करत नाही. त्याच्याही वर सब रोझा, मेणबत्तीतलं भूत आणि जहाजावरची डॉक्टर क्रशर, त्याबद्दल एवढंच.

पहिले दोन सीझन अवघड आहेत हे नव्याने बघणाऱ्यांना सांगायलाच हवं. स्टार ट्रेकचा जनक जीन रॉडनबेरीचा नियम होता की चोविसाव्या शतकातली माणसं एकमेकांशी क्षुद्र कारणांवरून भांडत नाहीत. ऐकायला छान, पण लेखकांच्या हातातून भांडणच काढून घेतलं तर ते लिहिणार काय. त्यात १९८८ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा मोठा संप झाला, दुसरा सीझन बावीस भागांचाच निघाला, आणि त्याचा पहिला भाग म्हणजे कधीच न बनलेल्या जुन्या सिरीजची पडून राहिलेली स्क्रिप्ट झाडूनपुसून वापरलेली. तिसऱ्या सीझनला मायकेल पिलर लेखकांचा प्रमुख म्हणून आला आणि सगळं बदललं. त्याने दार उघडं ठेवलं, बाहेरच्या कोणीही स्क्रिप्ट पाठवावी, वाचली जाईल. रोनाल्ड मूर असाच आला, तेव्हा तो कोणीही नव्हता, आणि पुढे या सिरीजचे कितीतरी चांगले भाग त्याच्या हातचे. मला पिलरची ही गोष्ट फार आवडते. भांडण नको हा नियम त्याने मोडला नाही, त्याने भांडणाच्या जागी पेच ठेवला. दोन्ही बाजूंची माणसं भली आहेत आणि तरी दोघांपैकी एकालाच मिळणार आहे. वहीत तिसऱ्या सीझनपासून मिनिटांचे आकडे वाढत गेलेत, स्पष्ट दिसतं.

आता दहा.

दहाव्यावर कॉज अँड इफेक्ट. नावं यायच्या आधीच जहाज पेटलेलं, कॅप्टन पिकार्ड ओरडतोय जहाज सोडा, आणि एंटरप्राईझचे तुकडे. मग नावं, मग सगळे मजेत पत्ते खेळतायत. तोच दिवस परत परत येतो आणि प्रत्येक वेळी जहाज फुटतं. दिग्दर्शन जोनाथन फ्रेक्सचं, म्हणजे रायकरचं काम करणाऱ्याचंच. दर फेरीला तेच सीन पण कॅमेरा वेगळ्या जागी, त्यामुळे कंटाळा येत नाही, उलट आपण दचकायला लागतो, आता क्रशरचा काचेचा ग्लास पडणार, आता फुटणार. डेटा, म्हणजे जहाजावरचा माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, पुढच्या फेरीतल्या स्वतःला फक्त एकच आकडा पाठवू शकतो, तीन. आणि त्या तीनचा अर्थ रायकरच्या कॉलरवरच्या हुद्द्याच्या तीन टिकल्या. लेकीने तो डेटाच्या आधी ओळखला आणि सोफ्यावर उभी राहिली. तिच्या रकान्यात दहापैकी दहा. माझ्या रकान्यात नऊ, कारण संपल्यावर बोलायला काही उरत नाही, कोडं सुटलं की सुटलं.

नववा लोअर डेक्स. वरच्या अधिकाऱ्यांना बाजूला ठेवून खालच्या नवीन पोरापोरींची गोष्ट, ज्यांना कोणी काही सांगत नाही, नुसतं दारातून ये-जा करताना जे कानावर पडतं त्यावरून अंदाज बांधायचे. ज्याने कुठल्याही मोठ्या ऑफिसात पहिली नोकरी केलीय त्याला हा भाग लगेच कळेल. त्यांच्यातल्या सीटो जाक्साला एका गुप्त कामावर पाठवतात आणि ती परत येत नाही. तिचा मृत्यू दाखवतच नाहीत, नुसता स्पीकरवर पिकार्डचा आवाज येतो, आणि कॅमेरा तिच्या दोस्तांच्या चेहऱ्यांवर. अकरा मिनिटं बसलो होतो.

आठवा टॅपेस्ट्री. पिकार्डचं हृदय कृत्रिम आहे कारण तरुणपणी एका मारामारीत त्याच्या छातीत सुरा घुसला होता. क्यू नावाचा एक सर्वशक्तिमान खोडकर जीव त्याला मागे जाऊन ती चूक दुरुस्त करायची संधी देतो. तो करतो. आणि परत येतो तर तो कॅप्टन नसतो, निळ्या कपड्यातला एक साधा ज्युनिअर लेफ्टनंट, ज्याने आयुष्यात कधी धोकाच पत्करला नाही. मग तो रायकरला आणि जहाजावरची समुपदेशक ट्रॉय हिला विचारतो की मी कधी पुढे जाऊ शकेन का, आणि ते दोघं इतक्या समजुतीने, इतक्या गोड आवाजात त्याला टाळतात की बघवत नाही. मी चाळिशी ओलांडल्यावर हा सीन बघितला आणि दोन मार्क वाढवले.

सातवा यस्टरडेज एंटरप्राईझ. जुनं एंटरप्राईझ काळाच्या भेगेतून पुढे येतं आणि त्या एका क्षणात सगळं जग बदलतं, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या मुख्य खोलीत, अंधार, सगळ्यांच्या कमरेला पिस्तुलं, क्लिंगॉन नावाच्या लढवय्या परग्रहवासीयांशी वीसहून जास्त वर्षं युद्ध चालू आणि आपण हरतोय. कोणालाच कळत नाही की काही बदललंय, फक्त जहाजाच्या बारमधल्या गायननला वाटतं की हे असं नव्हतं. पहिल्या सीझनमध्ये मेलेली अधिकारी ताशा यार परत दिसते. आणि पेच असा की जुन्या जहाजाला परत पाठवायचं, मरायला, म्हणजे हे युद्ध होणारच नाही. ते जहाज क्लिंगॉनांच्या ज्या वस्तीला वाचवताना पडलं त्या जागेचं नाव नरेंद्र तीन. क्लिंगॉनांच्या ग्रहाला नरेंद्र नाव कोणाला सुचलं असेल ते असो, आमच्या घरात तेव्हापासून शेजारच्या नरेंद्रकाकांचा भाव वधारलाय.

सहावा चेन ऑफ कमांड, दोन भाग मिळून एक धरला. पिकार्डला पकडून एका खोलीत छळतात आणि रोज एकच प्रश्न, दिवे किती आहेत. आहेत चार, पण त्याने पाच म्हणायचं. पॅट्रिक स्टुअर्ट आणि डेव्हिड वॉर्नर, दोघेही रॉयल शेक्सपिअर कंपनीत मुरलेले नट, आणि एक खोली, बाकी काही नाही. मधेच त्या छळणाऱ्याची छोटी मुलगी आत येते, तो तिला मांडीवर घेतो, पिकार्ड समोर जमिनीवर. मला सगळ्यात जास्त हा सीन लागला, सुटकेच्या वेळचं ओरडणं नाही. लोकांना ते ओरडणंच आठवतं, चार दिवे आहेत! पण खरा शेवट त्याच्यानंतर आहे, पिकार्ड ट्रॉयला हळू आवाजात कबूल करतो की शेवटी मला खरंच पाच दिसत होते. हा भाग मी लेकीला दाखवायचा की नाही यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली. बायको म्हणाली दाखव, पण दिवसा दाखव. रविवारी दुपारी बघितला.

पाचवा द ऑफस्प्रिंग. डेटा स्वतःसाठी एक मुलगी बनवतो. रूप कुठलं घ्यायचं, बाई व्हायचं की पुरुष, ते तो तिलाच निवडायला लावतो. आणि नाव ठेवतो लाल. हा शब्द हिंदी आहे आणि त्याचा अर्थ लाडकी असं डेटा स्वतः सांगतो! होस्टेलवर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे नेऊन परत बघितलं होतं. आपल्या कानाला आधी रंगच येतो, पण नंदलालमधला लाल तोच ना. लाल शिकायला लागते, डोळे मिचकवायला, माणसं कशी हात धरतात ते बघायला, मग जहाजाच्या बारमध्ये रायकरला उचलून त्याचं चुंबन घेते आणि डेटा आत येऊन रायकरला विचारतो, कमांडर, माझ्या मुलीबद्दल तुमचे इरादे काय आहेत.

आणि मग अॅडमिरल येतो, तिला घेऊन जायला. त्याचं म्हणणंही अगदी चुकीचं नाहीये, तो राक्षस नाही. लाल घाबरते, पहिल्यांदा तिला काहीतरी वाटतं, आणि ते वाटणंच तिच्या मेंदूला झेपत नाही. डेटा आणि तो अॅडमिरल दोघं मिळून तिला वाचवायचा प्रयत्न करतात. हे आपल्याला दाखवलेलं नाही. दार उघडतं, अॅडमिरल बाहेर येतो आणि थांबत थांबत सांगतो की डेटाचे हात इतके वेगाने चालत होते की मला दिसतही नव्हते, एक बिघाड दुरुस्त केला की दुसरा, आणि तो थांबायला तयार नव्हता. नुसतं ऐकायचं. त्या माणसाच्या आवाजावरून आपल्याला ते हात दिसतात. डेटाला वाईट वाटू शकत नाही, तो यंत्र आहे, तो शांत चेहऱ्याने परत ब्रिजवर जाऊन बसतो. माझ्या शेजारी तेरा वर्षांची पोर बसली होती, तिने काही न बोलता माझा हात धरला. पस्तीस मिनिटं. या भागाला मी आणखी काही मार्क देऊ शकत नाही, तो माझ्यासाठी मार्कांच्या बाहेर आहे, पण नंबर द्यायचाच तर पाच, कारण अॅडमिरलचा पेच चौथ्या-पाचव्या मिनिटापासून असता तर आणखी वर गेला असता, तो फार उशिरा येतो.

चौथा बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स. होस्टेलवरच्या मला हे आवडणार नाही. बोर्ग, म्हणजे अर्धे माणूस अर्धे यंत्र असलेले शत्रू, पिकार्डला पळवतात आणि त्याचाच लोक्युटस नावाचा बोर्ग करून परत उभा करतात, अर्धं तोंड यंत्राचं, आवाज तोच. रायकर म्हणतो, मिस्टर वॉर्फ, फायर. संपला सीझन. जून १९९० मध्ये तो दाखवला आणि पुढचा अर्धा आला सप्टेंबरच्या शेवटी, अमेरिकेतल्या लोकांनी तीन महिने कसे काढले असतील. गंमत म्हणजे पिलरने पहिला अर्धा लिहिला तेव्हा हे सुटणार कसं ते त्याला स्वतःलाच ठरवता आलेलं नव्हतं. आणि तेच मला आता दिसतं. पहिला अर्धा रायकरचा आहे. त्याला परत परत स्वतःचं जहाज देऊ करतात आणि तो एंटरप्राईझ सोडत नाही, शेल्बी नावाची हुशार बाई येऊन त्याला तोंडावर सांगते की तुम्ही माझी वाट अडवून बसलायत. काय सुंदर पेच आहे. दुसऱ्या अर्ध्यात तो पेच विरून जातो आणि बोर्गला झोपवून टाकतात. वुल्फ ३५९ या ताऱ्याजवळच्या लढाईत ३९ जहाजं गेली, आपल्याला दिसतो तो नंतरचा नुसता कचरा तरंगताना, आणि ते फार परिणामकारक आहे, पण तरी.

मात्र माझं एक ठाम मत आहे. याचा तिसरा भाग पण आहे आणि तो मोजलाच पाहिजे. लगेच पुढचा, फॅमिली. एकही लढाई नाही. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी, थोरल्या भावाच्या द्राक्षमळ्यात येतो. भाऊ जुन्या वळणाचा, यंत्रं नको, अंतराळ नको, धाकट्यावर वर्षानुवर्षांचा राग. दोघं मळ्यात चिखलात लोळून मारामारी करतात, लहान पोरांसारखी, मग हसायला लागतात, आणि हसता हसता पिकार्ड रडायला लागतो, की मी त्यांना थांबवायला हवं होतं, मी पुरेसा चांगला नव्हतो. आधीच्या दोन भागांत जे झालं त्याची किंमत इथे कळते. तासगावकडे द्राक्षाच्या बागा असलेले दोन भाऊ माझ्या ओळखीचे आहेत, एक पुण्याला गेला, एक राहिला, त्यांच्यातलं जेवणाच्या ताटावरचं बोलणं हुबेहूब असंच असतं, एक जण खाली बघून भाकरी मोडतोय आणि दुसरा पाण्याचा तांब्या सरकवतोय. फॅमिलीशिवाय आधीचे दोन भाग म्हणजे नुसता गाजावाजा.

तिसरा द मेजर ऑफ अ मॅन. फेब्रुवारी १९८९, म्हणजे त्या अवघड दुसऱ्या सीझनमधला, त्यामुळे अजूनच कौतुक. मेलिंडा स्नॉडग्रास यांनी लिहिलेला, आणि त्या आधी वकील होत्या, ते दिसतंच. एका शास्त्रज्ञाला डेटा खोलून बघायचाय. डेटा म्हणतो मी राजीनामा देतो. शास्त्रज्ञ म्हणतो जहाजाच्या कॉम्प्युटरला दुरुस्तीला नाही म्हणू द्याल का, तो स्टारफ्लीटची, म्हणजे या जहाजांच्या अंतराळदलाची, मालमत्ता आहे. खटला उभा राहतो, पण त्या तळावर माणसंच नाहीत, म्हणून पिकार्ड बचाव करणार आणि रायकरने, डेटाच्या मित्राने, विरुद्ध बाजू मांडायची. त्याने जीव लावून मांडली नाही तर निकाल थेट डेटाच्या विरुद्ध. बघा पेच.

यातला माझा आवडता सीन खटल्यातला नाहीच. रायकर एकटा बसून स्क्रीनवर डेटाचे नकाशे वाचतोय, काहीतरी मुद्दा शोधतोय, आणि त्याला तो सापडतो, डेटाला बंद करायचं बटण. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू येतं, सापडलं! आणि मग त्याला कळतं की आपल्याला काय सापडलंय. हसू खाली उतरतं. एक शब्द नाही. फ्रेक्सने सात वर्षांत याच्यापेक्षा चांगलं काम केलं नाही असं माझं मत आहे. मग भर कोर्टात तो ते बटण दाबतो आणि डेटा टेबलावर कोसळतो. मधल्या सुट्टीत गायनन पिकार्डशी बोलते, गुलाम हा शब्द थेट न वापरता त्याला तिथपर्यंत आणते, की असे हजारो डेटा बनवले, सगळे मालमत्ता, तर त्याला काय म्हणायचं. आणि शेवटी डेटा रायकरला म्हणतो की तुम्ही माझ्या विरुद्ध उभे राहिलात म्हणून मी वाचलो, तुम्हाला त्रास झाला, हे मी विसरणार नाही. त्या रात्री आमचा वाद पाऊण तास चालला, यंत्राला नाही म्हणता येतं का, आणि लेक शेवटी म्हणाली की ज्याला नाही म्हणायचंय त्याने नाही म्हटलं की झालं, तो कशाचा बनलाय त्याचा काय संबंध. मी वहीत तसंच लिहून ठेवलंय.

दुसरा द इनर लाईट, आणि मला माहितीय की बहुतेकांचा हा पहिला असतो. १९९३ मध्ये याला ह्यूगो मिळालं. एक यान येतं, पिकार्ड ब्रिजवर बेशुद्ध पडतो, आणि जागा होतो ते एका दुष्काळी गावात, त्याचं नाव कामिन, बायको आहे, लोखंडाचं काम करतो. तो आधी पळायला बघतो, मग वर्षं जातात. मुलं होतात, मित्र मरतो, त्याच मित्राचं नाव मुलाला ठेवतात, बायको म्हातारी होऊन जाते, नातवंडं. तो बासरी शिकतो. आणि मग कळतं की हे सगळं गाव हजार वर्षांपूर्वी त्यांच्या सूर्याबरोबर जळून गेलंय, आणि कोणीतरी आपली आठवण ठेवावी म्हणून त्यांनी ते यान सोडलं होतं. ब्रिजवर पंचवीस मिनिटं झालेली असतात. त्या मुलाचं काम पॅट्रिक स्टुअर्टच्या, म्हणजे पिकार्डचं काम करणाऱ्या नटाच्या, खऱ्या मुलाने केलंय. शेवटी रायकर एक डबी आणून देतो, त्यात ती बासरी. पिकार्ड ती छातीशी धरतो आणि मग वाजवतो.

त्या बासरीबद्दल दोन गोष्टी. एक, २००६ मध्ये तिचा लिलाव झाला आणि ती चाळीस हजार डॉलरच्या वर गेली, आणि ती वाजतसुद्धा नाही, शूटिंगची नुसती वस्तू. दुसरी मला याच वर्षी कळली आणि मी आनंदाने घरभर सांगत सुटलो. या भागाचं नाव लेखक मॉर्गन गेंडेलने बीटल्सच्या गाण्यावरून घेतलंय, आणि त्या गाण्याचं संगीत जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्या वादकांकडून वाजवून घेतलं होतं. बासरीवर कोण, तर हरिप्रसाद चौरसिया. म्हणजे बासरीच्या गोष्टीला नाव मिळालं ते बासरीच्या गाण्याचं. मग मी ते गाणं लावलं, आणि लेक आणि मी ते सलग तीनदा ऐकलं.

मग हा दुसरा का. कारण पहिला दार्मोक आहे.

दार्मोक, पाचव्या सीझनचा दुसरा भाग, जो मेनोस्कीची पटकथा. टमेरियन नावाचे लोक आहेत, त्यांच्याशी कोणालाच कधी बोलता आलं नाही. भाषांतराचं यंत्र चालतंय, शब्द सगळे कळतायत, अर्थ काही लागत नाही. दार्मोक आणि जलाद, टनाग्रा इथे. शाका, भिंती कोसळल्या तेव्हा, म्हणजे फसलं. टेंबा, बाहू पसरून. त्यांचा कॅप्टन डेथॉन पिकार्डला उचलून एका ओसाड ग्रहावर नेतो, दोघंच, आणि तिथे एक हिंस्र प्राणी. पिकार्डला वाटतं हे द्वंद्वाचं आव्हान आहे. हळूहळू त्याला कळतं की हे लोक फक्त दाखल्यांनी बोलतात. प्रत्येक वाक्य म्हणजे त्यांच्या एका गोष्टीचं नाव. दोन अनोळखी माणसं एका बेटावर भेटली, एकत्र लढली, दोस्त झाली, ती दार्मोक आणि जलादची गोष्ट, आणि डेथॉनने ती गोष्टच पिकार्डबरोबर नव्याने घडवून आणली, कारण दुसरा मार्ग नव्हता. थंडीने कुडकुडणाऱ्या पिकार्डला तो आपल्या शेकोटीतलं पेटतं लाकूड फेकतो आणि म्हणतो टेंबा. म्हणजे घे, दिलं. (आणि आपल्याकडे टेंभा म्हणजे मशालच की! निव्वळ योगायोग, पण मला तो सीन आता मराठीतच ऐकू येतो.)

बरेच लोक म्हणतात की अशी भाषा असूच शकत नाही, दाखल्यांनी मशीन कशी दुरुस्त करणार, पोरांना आधी गोष्ट तरी कशाने सांगणार. मला हे कधीच अडलं नाही, आणि याचं कारण हा भाग बघितल्यानंतरच्या आठवड्यात कळलं.

माझ्या बहिणीचा मिरजेहून फोन आला होता, स्पीकरवर. आमच्या एका चुलतभावाच्या घराच्या वाटणीचं सांगत होती. म्हणाली, अरे सगळं ठरलं होतं, पण कोणीतरी मधे ध चा मा केला, मग काय, पानिपतच झालं. आणि आता म्हाताऱ्या काकूंनी जे दिलं ते सुदाम्याचे पोहे म्हणून घ्यायचं. फोन ठेवला तर लेक माझ्याकडे बघतेय. ती बंगळूरमध्ये वाढलेली, घरात मराठीच बोलते, शब्द तिला सगळे येतात. म्हणाली, बाबा, पानिपत हरयाणात आहे ना, आत्या तिथे कशाला गेली होती? आणि पोहे कोणी कोणाला दिले?

मी काही उत्तर देण्याआधी तिचेच डोळे मोठे झाले. बाबा, आत्या टमेरियन आहे.

मी ताट तसंच ठेवून तिला सांगायला बसलो. आनंदीबाई आणि नारायणराव. द्वारकेचा राजा आणि फाटक्या उपरण्यातली पोह्यांची पुरचुंडी. मग पानिपत, १७६१ ची संक्रांत, आणि ती बातमी पेशव्यांना कशी आली म्हणतात ते, की दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि चिल्लर खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. हे ऐकून ती गप्पच झाली. मग म्हणाली, हे तर तसंच आहे, शाका, भिंती कोसळल्या तेव्हा. ज्याला गोष्ट माहिती त्यालाच रडू येणार. बायको मधेच म्हणाली गड आला पण सिंह गेला पण सांग तिला, आणि मग कोंढाणा. जेवण गार झालं होतं. दार्मोकपुढच्या मिनिटांच्या रकान्यात तिने त्या रात्री नुसती एक आडवी रेघ ओढलीय, अजून चालू आहे अशी.

भागात शेवटी असाच सीन आहे. डेथॉन जखमी होऊन पडलाय, शेकोटीपाशी, आणि तो पिकार्डकडे गोष्ट मागतो, तुमची एखादी सांगा. पिकार्ड त्याला गिल्गमेश आणि एन्किडूची गोष्ट सांगतो. डेथॉनला किती कळतं कोण जाणे, पण तो ऐकतो, दुखत असताना मान हलवतो, पुढे सांग म्हणतो. पॉल विनफिल्ड नावाचा नट, सगळा चेहरा रबराच्या मुखवट्याखाली झाकलेला, नुसत्या डोळ्यांनी आणि श्वासाने तो सीन करतो. मग तो मरतो. आणि पिकार्ड परत येऊन त्याच्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलतो, आणि ते ओरडतात, सोकाथ, डोळे उघडले! त्यांच्याकडे आता एक नवीन वाक्य आहे, पिकार्ड आणि डेथॉन, एल-अड्रेल इथे.

अकरावा कुठला म्हणाल तर शेवटचाच, ऑल गुड थिंग्ज, पिकार्ड पहिल्यांदा सगळ्यांबरोबर पत्ते खेळायला बसतो तो. आणि द ड्रमहेड बाहेर राहिला याचं मला खरंच वाईट वाटतंय, तो तेराव्यावर आहे.

गेल्या महिन्यात लेकीचा गणिताचा पेपर होता. मी शाळेच्या गेटपाशी स्कूटर लावून उभा होतो. आली, दप्तर पुढे दिलं, हेल्मेट घातलं, मागे बसली, आणि अर्धा रस्ता गेल्यावर माझ्या पाठीवर डोकं टेकवून म्हणाली, शाका, बाबा. मी म्हटलं पूर्ण? तर म्हणाली नाही, दोन मोती गळाले, दोन गणितं, पाच पाच मार्कांची.

तिच्या रकान्यात मात्र दार्मोकला आठच आहेत. तिचं म्हणणं, पिकार्डला ऐन लढाईत वर खेचायचा प्रयत्न झाला नसता तर डेथॉन एकटा पडला नसता, तो मरायला नको होता आणि ज्यांनी ते केलं त्यांना कोणी काही बोललंसुद्धा नाही. मी तिला सांगून बघितलं की त्यांना खाली काय चाललंय ते कळत नव्हतं, ते आपल्या कॅप्टनला वाचवत होते. ती म्हणाली ते मला माहितीय, तरी आठच.